‘रिडीम’ : सोडवणे की वटवणे?



आमची धाकटी मुलगी आणि जावई सिंगापूरच्या पूर्व भागात, बेडोक या वस्तीत राहतात. मुलीला पहिलाच मुलगा झाला म्हणून आम्ही दोघे अश्दोदहून तिच्या बाळंतपणाला आलो. बेडोक म्हणजे उंच सरकारी इमारतींची मोठी वसाहत. मध्यभागी १९८९ साली सुरू झालेले मेट्रोचे स्टेशन, त्याला लागून बसचा अड्डा, आणि अड्ड्याजवळच खाण्यापिण्याच्या ठेल्यांचे मोठे छप्पर. सकाळी सात वाजता तिथे आमच्याच वयाची माणसे काळी कॉफी घेऊन बसलेली असतात. तिला इथे ‘कोपी-ओ’ म्हणतात. आम्हालाही सगळे ‘अंकल’, ‘आंटी’ अशीच हाक मारतात, त्यामुळे परके वाटत नाही.

बाळाच्या जन्मापासून त्याच्या पिद्योन हबेनपर्यंतच्या एका महिन्यात एक इंग्रजी शब्द आम्हाला चार ठिकाणी भेटला. तो शब्द ‘रिडीम’. जावयाने आणलेल्या विधीच्या पुस्तिकेत हिब्रूसमोर इंग्रजी होते, तिथे पहिल्यांदा दिसला. दुसऱ्यांदा बाजारातल्या गहाणवटीच्या दुकानाच्या पाटीवर. तिसऱ्यांदा शेजारच्या तमिळ आजोबांच्या हातातल्या सरकारी कागदावर. आणि चौथ्यांदा आमच्या स्वतःच्या फोनवर. पहिल्या तीन ठिकाणी या शब्दाने आम्हाला काही शिकवले. चौथ्या ठिकाणी त्याने आमच्याकडून फी घेतली. ती फी आपल्यापैकी आणखी कोणी भरू नये, म्हणून हा लेख.

शब्दाची अक्षरे

आधी शुद्धलेखन. हा शब्द लिहिताना अक्षरे अशी येतात : आर, ई, डी, ई, ई, एम. पहिल्या ‘ई’ला जोडीदार नाही, दुसरी ‘ई’ जोडीने येते. म्हणून उच्चारात पहिला भाग आखूड आणि दुसरा लांब, ‘रि-डीम’, आणि जोर ‘डीम’वर. आमच्या पिढीकडून दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे जोड ‘ई’ पुढच्या भागात घालणे आणि शेवटी एकच ‘ई’ ठेवणे. दुसरी म्हणजे ‘ड्रीम’ किंवा ‘टीम’च्या सवयीने शेवटी ‘ई, ए’ लिहिणे. दोन्ही चूकच.

क्रियापदाचे नाम करताना मात्र शब्द रूप बदलतो. ‘रिडेम्प्शन’ची अक्षरे : आर, ई, डी, ई, एम, पी, टी, आय, ओ, एन. इथे जोड ‘ई’ची एकच ‘ई’ उरते आणि मधे एक ‘पी’ येऊन बसतो. हा ‘पी’ बोलताना जेमतेम ऐकू येतो, पण लिहिताना गाळायचा नाही. शब्द मूळचा लॅटिन, आणि तिथल्या नामातच तो ‘पी’ होता. तिथून तो फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला.

लॅटिनमध्ये त्याचे दोन तुकडे होते. पुढचा तुकडा म्हणजे ‘परत’, आणि मागचा म्हणजे ‘विकत घेणे’. दोन्ही मिळून ‘परत विकत घेणे’. वाचकांनी हे दोन शब्द लक्षात ठेवावेत, विशेषतः ‘परत’. जे आधी कधी दिलेलेच नाही ते परत घेता येत नाही. इतके साधे वाक्य आम्ही त्या दिवशी आठवले असते, तर आमचे पैसे वाचले असते.

पहिला अर्थ : सोडवणे

बेडोकच्या बाजारात गहाणवटीची दुकाने आहेत. काचेमागे सोन्याच्या साखळ्या, घड्याळे, अंगठ्या मांडलेल्या. आपल्या डोळ्यांपुढे सावकार म्हटला की अंधारी ओटी आणि लाल वही येते, पण ही दुकाने दागिन्यांच्या पेढीसारखी लख्ख असतात. सिंगापूरच्या कायद्याप्रमाणे गहाण ठेवलेल्या वस्तूवर महिन्याला दीड टक्क्याहून जास्त व्याज घेता येत नाही, आणि वस्तू सोडवण्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि व्याज भरून आपली वस्तू परत घेणे म्हणजे ‘रिडीम’ करणे. मुदत संपत आली आणि हातात मुद्दल नसले, तर व्याज भरून मुदत वाढवून घेता येते. त्याला ‘रिन्यू’ म्हणतात. हे दोन शब्द पावतीवर जवळजवळ असतात. ‘रिन्यू’ केले की वस्तू दुकानातच राहते. ‘रिडीम’ केले की वस्तू घरी येते. घाईत एकाऐवजी दुसरीकडे सही करू नये.

‘अनरिडीम्ड’ हाही शब्द अशा दुकानांत दिसतो. म्हणजे न सोडवलेली, मालकाने वेळेत परत न नेलेली वस्तू. काचेमागे विक्रीला असलेल्या कित्येक वस्तूंची ही कहाणी असते.

या अर्थाला मराठीत आपल्याकडे अस्सल शब्द आहे : सोडवणे. गहाण सोडवणे, दागिना सोडवणे, जमीन सोडवणे. कोकणात भाताची खाचरे, नारळीच्या वाड्या, बायकांचे दागिने यांपैकी काही ना काही सावकाराकडे अडकलेले नाही, असे घर कमी असायचे. कोर्टाच्या मराठीत यालाच ‘विमोचन’ म्हणतात. हिंदुस्थानच्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण ठेवणाऱ्याला आपली जमीन सोडवण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कासाठी दावा लावायला पूर्वी साठ वर्षांची मुदत होती. १९६३च्या मुदतीच्या कायद्याने ती तीस वर्षांवर आली. तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांची जमीन कुलाबा जिल्ह्यात गहाण पडलेली असेल, तर हे दोन आकडे घरात कधी ना कधी ऐकलेले असतील.

आमच्या घरातली गोष्ट छोटी आहे. आत्याच्या लग्नासाठी आमच्या आईच्या पाटल्या अलिबागच्या एका सराफाकडे ठेवल्या होत्या. आम्ही इस्राएलला आलो तेव्हा त्या तिथेच होत्या. आईने त्यांचे नाव सोडले होते. दोन वर्षांनी मामांनी त्या हंगामाचे भात विकून व्याजासकट पैसे भरले, पाटल्या सोडवल्या आणि इकडे येणाऱ्या एका कुटुंबाबरोबर पाठवून दिल्या. चिठ्ठीत हिशोब नव्हता. पुढे आम्ही विचारले, तेव्हा मामा म्हणाले, “बहिणीची वस्तू परक्याच्या तिजोरीत कशी ठेवायची?” त्या पाटल्या आता बेडोकच्या या घरात आहेत. त्यांच्याकडे शेवटी परत येऊ.

दुसरा अर्थ : वटवणे

शेजारचे तमिळ आजोबा सिंगापूरचे नागरिक. एका सकाळी ते हातात एक छापील कागद घेऊन इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बसले होते. कागदावर चौकोनी ठिपक्यांचे कोड छापलेले. ती सरकारी व्हाउचरे होती.

सिंगापूर सरकारने डिसेंबर २०२१मध्ये पहिल्यांदा प्रत्येक नागरिक कुटुंबाला शंभर डॉलरची व्हाउचरे दिली. कोविडने बसलेल्या छोट्या दुकानदारांना हातभार आणि घरांना थोडी मदत, असा दुहेरी हेतू. जानेवारी २०२३मध्ये ती तीनशे झाली, जानेवारी २०२४मध्ये पाचशे. स्वातंत्र्याला साठ वर्षे झाली म्हणून २०२५मध्ये वेगळी व्हाउचरे निघाली. प्रत्येक प्रौढ नागरिकाला सहाशे आणि साठीच्या पुढच्यांना आठशे डॉलर, आणि ती वापरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत. निम्मी रक्कम ठेलेवाले आणि वस्तीतली छोटी दुकाने यांच्याकडे खर्चायची, निम्मी सुपरमार्केटमध्येही चालते. रोख पैसे कोणी देत नाही.

ही व्हाउचरे ज्या सरकारी यंत्रणेवर चालतात तिचे नावच ‘रिडीमएसजी’. म्हणजे आपला शब्द तिथे पाटीवरच आहे. पण इथे कोणी काही गहाण ठेवलेले नाही आणि कोणी काही सोडवत नाही. इथे कागद द्यायचा आणि त्याच्या किमतीचा माल घ्यायचा. मराठीत याला ‘सोडवणे’ म्हणता येत नाही. याला आपला दुसरा शब्द आहे : वटवणे. हुंडी वटवणे, चेक वटवणे. हुंडीच्या कागदाला स्वतःची किंमत काहीच नसते. दुसऱ्या पेढीवर तो दाखवला आणि तिथे तो मानला गेला, की तो ‘वटला’.

इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द कसा पुरतो, असा आम्हाला प्रश्न पडला. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. व्हाउचर म्हणजे देणाऱ्याने दिलेले वचन आहे. ते वचन कागदाच्या रूपाने बाहेर फिरते. आपण कागद परत नेऊन दिला, की देणारा आपले वचन माल देऊन परत घेतो, म्हणजे त्यातून मोकळा होतो. गहाणात आपली वस्तू दुसऱ्याकडे अडकलेली असते. व्हाउचरमध्ये दुसऱ्याचे वचन आपल्याकडे अडकलेले असते. दोन्हीकडे अडकलेले काही तरी सुटते.

‘क्लेम’ आणि ‘रिडीम’ यांतही गोंधळ होतो. ‘क्लेम’ म्हणजे हक्क सांगून व्हाउचर ताब्यात घेणे. ते घरातल्या कोणी तरी सरकारी ओळखीने, म्हणजे सिंगपासने करायचे असते. ज्यांना फोन जमत नाही त्यांना कम्युनिटी क्लबात कागदावर छापून मिळते. तमिळ आजोबांनी बेडोकच्या हार्टबीट इमारतीतल्या क्लबातून ते तसेच आणले होते. ‘रिडीम’ त्याच्यानंतर : दुकानात ते खर्चणे. आधी क्लेम, मग रिडीम. आजोबांनी पाच डॉलरचे व्हाउचर देऊन चार डॉलर वीस सेंटची भाजी घेतली. उरलेले ऐंशी सेंट परत मिळाले नाहीत. व्हाउचरचे सुटे पैसे मिळत नाहीत, हे त्यांना माहीत होते. त्यांनी हसून दोन लिंबे वाढवून घेतली आणि वरचे थोडे सुटे खिशातून दिले.

वाक्यात वापरताना एक नियम लक्षात ठेवावा. जे आपण देतो किंवा सोडवतो, ते क्रियापदानंतर लगेच येते : ‘रिडीम व्हाउचर’, ‘रिडीम पॉइंट्स’, ‘रिडीम पाटल्या’. त्याच्या बदल्यात जे मिळते, त्याच्या आधी ‘फॉर’ येते. ज्याच्याकडून वस्तू सुटते, त्याच्या आधी ‘फ्रॉम’. म्हणजे व्हाउचर भाजी‘फॉर’, आणि पाटल्या सराफा‘फ्रॉम’. फोनवर एखाद्या व्हाउचरपुढे ‘रिडीम्ड’ दिसले, तर ते वापरून संपलेले आहे असे समजावे. ‘तयार आहे’ असा त्याचा अर्थ नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी असा संपलेला कागद महिनाभर जपून ठेवला होता.

जवळचे इतर शब्दही एकदा वेगळे करून ठेवू. ‘रिफंड’ म्हणजे भरलेले पैसे परत मिळणे. ‘विथड्रॉ’ म्हणजे खात्यातून काढणे. ‘एन्कॅश’ म्हणजे रोखीत वटवणे. म्युच्युअल फंडातली युनिटे विकून पैसे घेण्याला मात्र हिंदुस्थानात ‘रिडेम्प्शन’च म्हणतात. मुंबईतल्या नातेवाइकांचे कागद आले तर तिथे हा शब्द दिसेल.

तिसरा अर्थ : शब्द पुरा करणे

वचन ‘रिडीम’ करणे असेही इंग्रजीत म्हणतात. १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री पंडित नेहरूंनी जे भाषण केले, त्यात त्यांनी देशाच्या जुन्या वचनाबद्दल हेच क्रियापद वापरले. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी ते रेडिओवर ऐकले होते, आम्ही पुढे शाळेत वाचले. मराठीत आपण वचन ‘पाळतो’ आणि नवस ‘फेडतो’. एलियाहू हनावीच्या मलिद्याचा नवस बोलला आणि काम झाल्यावर मलिदा केला, तर आपण नवस फेडला. कर्ज फेडणे आणि नवस फेडणे याला एकच क्रियापद, कारण दोन्हीत आपण कुठे तरी बांधलेले असतो.

हिब्रूत हा शब्द कसा आहे

तोरामध्ये या कामाला दोन धातू आहेत : ‘गाअल’ आणि ‘पादा’. मराठी भाषांतरांत दोन्हींसाठी कधी ‘सोडवून घेणे’, कधी ‘उद्धार करणे’ असे येते, म्हणून फरक पुसट होतो.

‘गाअल’मध्ये नाते आहे. वायिक्राच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे, की भाऊ गरीब होऊन त्याला जमीन विकावी लागली, तर जवळच्या नातेवाइकाने ती सोडवावी. त्या नातेवाइकाला ‘गोएल’ म्हणतात. भाऊ स्वतःच विकला गेला, तर त्यालाही सोडवावे. शावुओतला आपण रूथची मगिला वाचतो. तिच्या शेवटच्या अध्यायात अगदी व्यवहाराचा प्रसंग आहे. वेशीपाशी दहा वडील मंडळी बसवून बोआझ जवळच्या नातेवाइकाला जमीन सोडवण्याबद्दल विचारतो. तो आधी हो म्हणतो, पण जमिनीबरोबर रूथची जबाबदारीही येते असे कळल्यावर मागे सरतो आणि खूण म्हणून पायातला जोडा काढून देतो. मग बोआझ गोएल होतो. यिर्मियाहू नवीने वेढ्याच्या काळात चुलतभावाकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल चांदीला घेतले. साक्षीदारांसमोर खत केले आणि ते मडक्यात जपून ठेवायला सांगितले. त्यालाही सोडवण्याचा हक्क नात्यानेच आलेला होता.

त्याच पंचविसाव्या अध्यायात मुदतही आहे. तटबंदीच्या शहरातले घर विकले, तर ते एका वर्षाच्या आत सोडवता येते. वर्ष उलटले की ते कायमचे घेणाऱ्याचे. बेडोकच्या दुकानातली सहा महिन्यांची मुदत पाहिली तेव्हा आम्हाला हे आठवले. मुदत ही नवी गोष्ट नाही.

‘पादा’मध्ये मोल आहे. एकाच्या बदल्यात दुसरे देऊन मोकळे करणे. गाढवाच्या पहिल्या पिलाच्या बदल्यात कोकरू, आणि पहिल्या मुलासाठी पाच शेकेल चांदी. ‘पिद्योन’ त्यातूनच आला. कैद्यांना पैसे भरून सोडवणे, ‘पिद्योन श्वुयिम’, हे तर रब्बींनी मोठ्या मित्स्वांमध्ये गणले आहे.

इस्राएलमधले आपले वाचक रोजच्या हिब्रूतही हा शब्द ऐकतात. दुकानदार दिवसभराच्या गल्ल्याला ‘पिद्योन’ म्हणतो. निवृत्त होताना न घेतलेल्या रजेचे पैसे मिळतात, ते ‘पिद्योन येमेय खुफ्शा’. मुदतीआधी ठेव मोडली तर ‘पिद्योन मुक्दाम’. पण सणाला मिळालेले खरेदीचे कुपन मात्र आपण ‘मिमुश’ करतो. ‘मिमुश’ म्हणजे प्रत्यक्षात आणणे. मराठीप्रमाणे हिब्रूही इथे दोन शब्द वापरते, आणि इंग्रजी एकावरच भागवते.

आमची चूक

आता चौथे ठिकाण. पिद्योनला चार दिवस होते. जावयाने चांदीची पाच नाणी आणली होती. आम्ही पुस्तिकेतले इंग्रजी वाचून पाहत होतो, कारण विधीला काही इंग्रजी बोलणारे पाहुणे येणार होते. तेवढ्यात फोनवर निरोप आला. आमच्या नावावर इतके हजार पॉइंट्स जमले आहेत, आज रात्री ते बाद होतील, लगेच ‘रिडीम’ करा. खाली निळा दुवा.

दोघांपैकी कोणी दाबला ते सांगत नाही. दोघांनी दाबला असे धरा. हाच शब्द आम्ही पंधरा मिनिटांपूर्वी देवाच्या पुस्तकात वाचला होता, म्हणून तो ओळखीचा वाटला. इतकेच कारण. दुव्यामागे एक सुबक पान उघडले. त्याने कार्डाचा आकडा मागितला, मग फोनवर आलेला सहा आकड्यांचा गुप्त क्रमांक मागितला. तो दिल्यावर पान गेले, आणि आमच्या इस्राएलच्या खात्यातून दोन हजार शेकेलच्या आसपास रक्कमही गेली.

आम्ही मुलीला सांगितले नाही. ओली बाळंतीण, घरात समारंभ, आणि आपण हे करून बसलो, अशी लाज वाटली. तीन दिवस आम्ही दोघे एकमेकांकडे पाहायचे टाळत होतो. तिसऱ्या दिवशी खाली तमिळ आजोबा भेटले, त्यांच्यापुढे सगळे बाहेर पडले. ते म्हणाले, “अंकल, माझ्या बायकोचे गेल्या वर्षी असेच गेले. तिनेही मला सांगितले नव्हते.” मग त्यांनीच आम्हाला वर पाठवले. मुलगी रागावली ती पैशांसाठी नाही. “तीन दिवस कार्ड चालू ठेवलेत ना?” एवढेच ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे बँकेला फोन लावून कार्ड बंद केले. पहिली रक्कम परत आली नाही. त्यानंतर आणखी गेली नाही, हे नशीब.

म्हणून वाचकहो, चूक झाली तर लाजू नका. लाज वाटते तेवढा वेळ चोराला मिळतो. त्याच घटकेला बँकेला कळवा, आणि घरातल्या तरुणांना सांगा. सिंगापूरमध्ये फसवणुकीविषयी विचारण्यासाठी १७९९ हा क्रमांक आहे, हिंदुस्थानात १९३०, आणि इस्राएलमध्ये ११९. हे तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा. सिंगापूरचे सरकार जुलै २०२४पासून आपले निरोप ‘गव्ह डॉट एसजी’ या एकाच नावाने पाठवते, हेही इथल्या नातेवाइकांना सांगून ठेवा.

तीन प्रश्न

पुन्हा शब्दाच्या मुळाकडे येतो. ‘परत विकत घेणे’. यातूनच आम्ही स्वतःसाठी तीन प्रश्न तयार केले आहेत. कोणीही ‘रिडीम’ करा म्हणाले, की आधी हे विचारतो.

पहिला प्रश्न : आधी काय दिले होते? गहाणात आपण वस्तू दिलेली असते. पॉइंट्स असतील, तर आपण त्या दुकानात खरेदी केलेली असते. व्हाउचर असेल, तर ते आधी हक्काने मिळवलेले असते. यांपैकी काहीच आठवत नसेल, तर परत घ्यायला काही नाही. आम्ही कुठलेही पॉइंट्स कधी जमवले नव्हते.

दुसरा प्रश्न : पावती कुठे आहे? सराफाची पावती असते, यिर्मियाहूचे खत मडक्यात होते, तमिळ आजोबांचा कागद खिशात होता. दुसऱ्याने पाठवलेला निळा दुवा ही आपली पावती नव्हे.

तिसरा प्रश्न : पैसा कुठून कुठे जातो? सोडवताना तो आपल्याकडून जातो. पण तेव्हा आपण स्वतःच्या पायाने ओळखीच्या दुकानात जातो आणि वस्तू हातात घेऊनच येतो. वटवताना किंमत आपल्याकडे येते. आपल्याकडे काही येणार असेल, तर त्यासाठी आपल्या कार्डाचा आकडा आणि गुप्त क्रमांक कशाला लागतो? जिथे ‘वटवा’ म्हणतात आणि पैसे मात्र ‘सोडवण्या’सारखे मागतात, तिथे नक्की फसवणूक आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने ही लबाडी झाकली जाते. म्हणून असा निरोप आला की तो मनात मराठीत करून पाहा. सोडवायचे आहे की वटवायचे? उत्तर देता आले नाही, तर फोन उपडा ठेवा.

एकतिसावा दिवस

पिद्योन ठरल्या दिवशी घरीच झाले. आपल्या बेने इस्राएलांमध्ये परंपरेने कोहेन घराणी नाहीत, त्यामुळे कोकणात असताना हा विधी सगळ्यांच्या वाट्याला येत नसे. इथे वॉटर्लू स्ट्रीटवर १८७८ साली बांधलेले मागेन आवोथ सिनेगॉग आहे, बगदादी यहुद्यांचे. बेडोकहून बुगिस स्टेशनला सरळ गाडी जाते, तिथून थोडे चालायचे. त्या मंडळीतले एक कोहेन आले.

बाळाला ताटात ठेवले आणि भोवती घरातल्या बायकांनी आपापले दागिने ठेवले. मुलीने आईच्या पाटल्या काढून बाळाच्या पायाशी ठेवल्या. कोहेनने जावयाला विचारले की मूल हवे की पाच शेकेल. जावयाने पाच नाणी दिली. सगळी मिळून शंभर ग्रॅमच्या जरा वर चांदी. १९७०च्या दशकात इस्राएलच्या बँकेने या विधीसाठी खास चांदीची नाणी काढली होती, तसे एक आमच्या मोठ्या भावाने जपून ठेवले होते, तेही त्या पाचांत होते. नाणी कोहेनच्या हातात गेली आणि बाळ आईच्या हातात आले.

खाली कॉफी प्यायला गेलो तेव्हा तमिळ आजोबांनी विचारले, “वर आज काय होते?” आम्ही इंग्रजीत सांगायला लागलो आणि तोच शब्द तोंडात आला. ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “यावेळी पावती घेतलीत ना, अंकल?” आम्ही म्हटले, पावती वर झोपली आहे.

सर्वांना शालोम. आपल्याही घरी या शब्दाची काही गोष्ट असेल, कोणाचा दागिना, कोणाची जमीन, कोणाचा नवस, तर नातवंडांना जरूर सांगा. त्यांना इंग्रजी शब्द येतो, पण ‘सोडवणे’ म्हणजे काय ते आपणच सांगायला हवे.